खुंट्यामागे अजान पोचत नाही

ही घटना शंभर टक्के खरी आहे. यातला एक शब्दही पदरचा नाही. ज्याच्या बाबतीत ती घडली, तो बुसल्हाम उभ्या आयुष्यात खोटं बोललेला नाही, हे मी अल्लाला स्मरून सांगतो.

गुरांचं वय सांगताना बोलला असेल. ते बाजारात कुणी धरत नाही.

मागच्या वर्षीचा रमजान. गाव आमचं, ऐन हज्ला. अल्-अराइशच्या बंदरापासून आत, समुद्राचं धुकं पोचतं पण बस पोचत नाही, अशा ठिकाणी.

गावाबाहेर गव्हाची शेतं संपली की लहान-लहान दगडांचं एक गोल कडं आहे. त्यात एक दगड उभा. एकटाच. तीन माणसं एकाच्या खांद्यावर एक चढली तरी टोकाला हात लागायचा नाही. आम्ही त्याला खुंटा म्हणतो.

म्हातारे सांगतात, एका राक्षसानं घोडा बांधायला तो ठोकला. शहरातून येणारे साहेब सांगतात, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी तो उभा केला, पण कशासाठी ते माहीत नाही. म्हणजे म्हाताऱ्यांना निदान कारण तरी ठाऊक आहे.

या खुंट्याची एक खोड आहे.

त्याच्या पलीकडच्या अंगाला जमीन खोलगट आहे. तिथं दगडाला पाठ टेकून बसलं की गाव बंद होतं. कुत्री बंद. पाण्याचा पंप बंद. मिनारावरच्या करकोच्यांची चोचीची टकटक बंद.

आणि अजानही...

साहेब म्हणतात, दगड जाड, खड्डा खोल, आणि मशिदीचा कर्णा स्वस्तातला. पटण्यासारखं आहे. जरा बाजूला सरकलं की सगळं पुन्हा ऐकू येतं.

म्हणून रमजानात गुरं घेऊन तिकडे गेलेली माणसं सूर्य बुडायच्या आत परत फिरतात. नाहीतर गाव जेवून ढेकर देतं आणि तुम्ही तिथं आपले अजानीची वाट बघत बसलेले.

मन्नाना ही बुसल्हामची बायको. लग्नाला चाळीसेक वर्षं झालेली. नेमकी किती, यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. मुलगी एकच, इकराम, टँजियरला कपड्यांच्या कारखान्यात. घरात दोघं, आणि हमरा नावाची तांबडी गाय.

मन्नानाचा एक हट्ट होता. रमजानात अजान कानावर पडल्याशिवाय ती रोजा सोडायची नाही. टीव्हीवर रबातची अजान झाली तर म्हणायची, "ती रबातवाल्यांची." फोनमधून झाली तर म्हणायची, "फोनला कुठं भूक लागते?"

एकदा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते ऐन रमजानात. दवाखान्याच्या खिडक्या बंद, बाहेर गाड्यांचा गोंधळ. समोर हरीराचं सूप निवत चाललेलं आणि ही हात मांडीवर ठेवून बसलेली.

नर्स म्हणाली, "मावशी, अख्खं शहर जेवलं."

"शहराचं शहर बघेल."

शेवटी बुसल्हाम जिना उतरून रस्त्यावर गेला, ऐकून आला आणि म्हणाला, "झाली."

तेव्हा तिनं खजूर तोंडात टाकला. स्वतःच्या कानांखेरीज तिचा विश्वास होता तो फक्त नवऱ्याच्या कानांवर. त्याच्या बाकी कुठल्याच अवयवावर नव्हता, असं ती चारचौघींत सांगायची.

तर रमजानचा पहिलाच आठवडा. दुपारची नमाज झाली आणि ती हमराला घेऊन खुंट्याकडे गेली. नेहमीसारखी. कमरेच्या फडक्यात एक खजूर, उशीर झालाच तर असावा म्हणून.

संध्याकाळी बुसल्हामनं ताट मांडलं. दोन वाट्या. सूर्य बुडाला. फकीह सी मुफद्दलनं अजान दिली. आमच्याकडे अजान देणं, नमाज पढवणं, मुलांना धपाटे घालणं आणि भांडणं मिटवणं ही सगळी कामं फकीहकडेच असतात.

बुसल्हामनं खजूर खाल्ला. पाणी प्यायला. दुसऱ्या वाटीवर झाकण ठेवलं.

दारात घंटा वाजली...

हमरा आली होती.

एकटीच.

मन्नाना खुंट्यामागे सापडली. पलीकडच्या अंगाला, पाठ टेकून, पाय पसरून बसलेली. चेहरा शांत. नुसती थकून टेकल्यासारखी. डॉक्टर म्हणाला, हृदय.

उजव्या हाताची मूठ बंद होती. मुठीत खजूर, बोटांच्या फटीतून दिसणारा.

न खाल्लेला.

अंघोळ घालणाऱ्या बायकांनी मूठ उघडायचा खूप प्रयत्न केला. उघडेना. शेवटी त्यांतली थोरली म्हणाली, "राहू द्या गं. नेऊ दे बरोबर." तशीच पुरली.

गाव भेटायला आलं. जो तो एकच म्हणत होता.

"रोज्यात गेली, बुसल्हाम. असं मरण सगळ्यांच्या नशिबी नसतं."

"उपाशी गेली," बुसल्हाम म्हणायचा.

फकीह म्हणाला, "अरे, जन्नतमध्ये काय कमी आहे? तिथं ताटं मांडलेली असतात."

"तुम्ही तिला ओळखत नाही, सी मुफद्दल. ताटावर बसून ती आधी विचारेल, झाली का?"

फकीहनं मान डोलावली. तो तिला ओळखत होता.

काही दिवस गेले. रात्रीच्या नमाजीनंतर सगळे दुकानासमोर चहाला टेकलेले. तिथं बुश्ता धनगरानं विषय काढला. बुश्ता म्हणजे ज्यानं लंगडं खेचर 'विचार करत चालतं' असं सांगून विकलं तोच.

"संध्याकाळी खुंट्यामागं मेंढ्या वळवत होतो," बुश्ता म्हणाला. "सूर्य बुडायला टेकलेला. माणूस काणूस कुणी नाही. आणि दगडापासनं आवाज आला..."

"कसला?"

"झाली का?"

"काय झाली का?"

"एवढंच. झाली का? दमलेल्या माणसानं विचारावं तसं."

दुकानदार म्हणाला, "मग? तू काय म्हणालास?"

"म्हणायला थांबलो असतो तर आत्ता तुझा हा पाणचट चहा पीत असतो का?"

"बाईचा आवाज होता?"

बुश्तानं डोकं खाजवलं. "बसका होता. पुरुषाचा वाटला. म्हाताऱ्याचा."

कोपऱ्यातून बुसल्हाम बोलला. बऱ्याच दिवसांनी बोलला.

"इतके दिवस उपाशी राहिल्यावर आवाज बसणारच."

चहाची किटली तेवढी उकळत होती.

मग फकीहनं घसा साफ केला. "हे बघा, घाबरायचं कारण नाही. रमजानात जिन्न साखळदंडात असतात. तेव्हा ते जिन्न नव्हतं, हे नक्की."

"मग कोण होतं?" बुश्तानं विचारलं.

फकीह पाणचट चहा प्यायला लागला.

दुसऱ्या दिवशी बुसल्हाम निघाला.

रोजा सुटायच्या आधीची ती वेळ ज्याला माहीत आहे, त्यालाच तिचा एकटेपणा कळेल. प्रत्येक घरातून धूर. कांदा, टोमॅटो, कोथिंबिरीचा वास. आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळं जग कुणा ना कुणाबरोबर ताटाभोवती बसलेलं. त्या वेळेला बाहेर असतो तो एक तर प्रवासी, नाहीतर ज्याच्या घरात दुसरी वाटी नाही तो.

खुंट्यामागे तो तिच्याच जागी बसला. दगड गार होता. गाव बंद झालं. खड्ड्यातल्या पाण्यात बेडूक ओरडत होते, तेवढाच आवाज.

खिशात खजूर होता. डोक्यात एकच शब्द होता. झाली.

तेवढा बोलायचा आणि परत यायचं. नवरा म्हणून एवढं तर करायलाच हवं. ती दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.

उजेड विझत चालला...

आणि बेडूक थांबले.

एकदम. सगळे.

"झाली का?"

दगडाच्या वळणामागून. हाताच्या अंतरावर. आवाज बसका. तक्रार नाही, घाई नाही. नुसतं विचारणं.

बुसल्हामनं तोंड उघडलं.

आणि त्याच्या मनात आलं, झाली म्हटलं की ती खाणार. खाल्लं की उठणार. उठली की जाणार.

घरी एक वाटी.

"अजून नाही," तो म्हणाला.

पलीकडे कुणीतरी उसासा टाकला. कपड्याची दगडाला घासल्यासारखी सळसळ झाली. कुणीतरी पाय मुडपून पुन्हा नीट बसलं.

बेडूक ओरडायला लागले.

आणि बुसल्हामला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं. चांदण्या दिसेपर्यंत तोही तिथंच बसला. खजूर खिशातच राहिला. ती उपाशी असताना आपण खायचं, हे काही त्याला बरं दिसेना.

मग रोजचंच झालं.

तो जायचा, टेकायचा, बोलत बसायचा. हमराचं दूध कमी झालं. इकरामचा फोन आला होता. पंप पुन्हा बिघडला. पलीकडून कधी उत्तर आलं नाही. मधूनच गवत दबल्याचा आवाज. कधी खोकला दाबल्यासारखं काही. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं निवांत बोलणं झालं नव्हतं. मुख्य म्हणजे मध्येच कुणी तोडत नव्हतं.

मग अंधारून यायचं. बेडूक थांबायचे.

"झाली का?"

"अजून नाही."

बुसल्हाम वाळत चालला. गाल बसले. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. रमजानात बारीक होणारा गावातला तो एकटाच. बाकीचे जाड होतात.

ईद जवळ आली तशी इकराम मिठाईचे डबे घेऊन टँजियरहून आली. त्या संध्याकाळी बाप अंधारात परतला, तेव्हा त्याला बघून ती दारातच थांबली.

"बा, तुम्ही जेवता का?"

"जेवतो की."

"कधी? अजान झाली, सूप निवलं, आणि तुम्ही अंधार पडल्यावर चिखलाचे पाय घेऊन येता. जाता कुठं?"

"पाय मोकळे करायला."

"अजानीच्या वेळेला कुणी पाय मोकळे करतं?"

बुसल्हाम गाईला चारा घालायला लागला. इकराम त्याच्या मागे.

"माझ्याकडं चला."

"पाचव्या मजल्यावर हमरा चढेल?"

"विकून टाका तिला."

"गिऱ्हाईक वय विचारेल."

"तुम्ही सांगालच काहीतरी."

त्यावर दोघं जरा हसली. मग इकराम म्हणाली, "आईनंतर तुम्ही इथं एकटे असता. मला रात्री झोप लागत नाही, बा."

"एकटा कुठं?" बुसल्हाम म्हणाला.

अगदी सहज म्हणाला. इकराम त्याच्याकडे बघत राहिली.

आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला नव्हता. म्हणजे आज तिसावा रोजा आणि उद्या ईद, यात शंका नाही. दुपारच्या नमाजीनंतर फकीहनं दरवर्षीच्या सूचना सांगितल्या. गरिबांचं धान्य आजच पोचवा. उद्या लवकर या. नवीन चपला बाहेर काढून ठेवू नका.

"आणि उद्या कुणीही उपाशी राहायचं नाही. ईदच्या दिवशी रोजा हराम आहे."

"सी मुफद्दल," बुश्ता म्हणाला, "या गावात ईदला उपाशी राहणारा कोण आहे, त्याचं नाव तरी सांगा."

सगळे हसले.

बुसल्हाम हसला नाही.

त्या संध्याकाळी समुद्राचं धुकं आत आलं होतं. खुंट्याचं टोक दिसत नव्हतं. कड्यातले लहान दगड तेवढे दिसत होते, डोकी खाली घालून बसलेल्या माणसांसारखे. तो आपल्या जागी टेकला. आज बोलायला काही सुचेना. हमराचंही नाही.

उजेड गेला.

बेडूक थांबले.

"झाली का?"

घरी जाऊन झाकायला दुसरी वाटी नाही, हे त्याला आत्ताच दिसत होतं. उद्याही नसेल. परवाही.

पण तिला हरामाचा रोजा पडू द्यायचा, हे त्याच्यानं होईना.

"झाली," तो म्हणाला. "मी स्वतः ऐकली, मन्नाना. खा."

काही नाही.

धुकं. दगड. काळोख.

मग कानाशी...

"बिस्मिल्ला."

त्याचे डोळे भरून आले. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात...

"बिस्मिल्ला."

हा आवाज डावीकडून आला होता.

मग समोरच्या लहान दगडामागून. "बिस्मिल्ला." मग त्याच्या पलीकडच्या दगडामागून. बाईचा. पुरुषाचा. खोल गेलेला. पोरासोराचा. काही आवाज बिस्मिल्ला म्हणत नव्हते, दुसरंच काही म्हणत होते. कुठल्या भाषेत ते त्याला कळलं नाही, पण जेवायच्या आधी माणूस ज्या सुरात पुटपुटतो तो सूर सगळीकडे सारखाच असतो.

कड्याभोवती. सगळीकडून.

मग चावण्याचे आवाज. हळू. खूप दिवसांनी खाणारं माणूस खातं तसे.

मग दगडावर बी पडल्याचा आवाज.

टक...

टक... टक...

बुसल्हामनं आपला खजूर हातात घट्ट धरला होता. खायचं सुचलं नाही. हलायचंही नाही. तो फक्त ऐकत होता. त्या सगळ्यांत तिचा आवाज कुठला, एवढंच शोधत होता. एक होता जरा घाईचा, डावीकडे. तो असेल. नसेलही.

सगळं थांबलं. मग दगडाच्या वळणामागून, हाताच्या अंतरावरून, रोज विचारणारा तोच आवाज आला. आज पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला. आणि आज पहिल्यांदा नीट कळलं.

म्हाताऱ्याचा होता.

"या वेळी फार उशिरा झाली, बाबा."

"मन्नाना?" बुसल्हाम म्हणाला.

बेडूक ओरडायला लागले.

ईदच्या सकाळी, नमाज झाल्यावर, बुसल्हाम फकीहला आणि बुश्ताला तिकडे घेऊन गेला. गवतात बिया पडलेल्या होत्या. कड्याभोवती, प्रत्येक दगडापाशी. ओल्या. खजुराच्या होत्या, ऑलिव्हच्या होत्या, आणि काही कसल्या होत्या ते तिघांनाही ओळखता आलं नाही. बुश्ताला आमच्या रानातलं सगळं ओळखता येतं.

"सहलीची पोरं," फकीह म्हणाला.

"रमजानात?" बुश्ता म्हणाला.

"मग करकोचे."

खुंट्याच्या पायथ्याशी, मन्नाना जिथं सापडली त्या जागी, एकच बी होती. खजुराची. बुसल्हामनं ती उचलली. ती आमच्याकडच्या दुकानातल्या खजुराची होती, पण तो खजूर गावात सगळेच खातात.

पुढच्या महिन्यात तो इकरामकडे गेला. हमरा बुश्तानं घेतली. गाईचं वय बुसल्हामनं खरं सांगितलं, तेव्हा कुठं गावाला कळलं की याचं काहीतरी बिनसलंय.

जायच्या आधी त्यानं फकीहकडे एकच मागणं केलं. मशिदीला आणखी एक कर्णा बसवा, शेताच्या टोकाला, खांबावर, तोंड खुंट्याकडे करून. फकीहनं आधी आढेवेढे घेतले, मग बसवला. पहिल्या दिवशी बुश्ताच्या मेंढ्या उधळल्या. पण खुंट्यामागे पाठ टेकून बसलं की अजान लख्ख ऐकू यायला लागली. तेव्हापासून तिथं कुणी काही विचारल्याचं ऐकिवात नाही.

अर्थात, तेव्हापासून तिथं संध्याकाळचं कुणी गेलेलंही नाही. मीही जात नाही. भीती वगैरे काही नाही. विचारलंच, तर काय सांगायचं, ते मला ठरवता येत नाही.

बुसल्हाम टँजियरला पाचव्या मजल्यावर असतो. तिथं चार मशिदींच्या अजानी एकदम ऐकू येतात. दर जुम्म्याला फकीहला त्याचा फोन येतो.

"कर्णा तिकडंच तोंड करून आहे ना?"

"आहे, आहे."

पुढच्या आठवड्यात रमजान लागतो. या महिन्यात पूर्वेचा वारा फार सुटला होता. त्यात खांब वाकला. कर्णा सध्या दुरुस्तीला अल्-अराइशला आहे.